फुलदाणीत फुले जास्त दिवस कशी टिकतात? काढणीपासून ग्राहकाच्या घरापर्यंतचे व्यवस्थापन

गुलाब, जरबेरा, निशिगंध, ग्लॅडिओलस, कार्नेशन, शेवंती या लांब दांड्याच्या फुलांचा भाव बाजारात दांड्याची लांबी, कळीचा आकार आणि ताजेपणा पाहून ठरतो. ग्राहक मात्र या फुलांचे मोल आणखी एका गोष्टीवर ठरवतो, ती म्हणजे घरी नेल्यावर फुले किती दिवस टिकली. यालाच फुलदाणीतील आयुष्य म्हणतात. दुसऱ्याच दिवशी मान टाकलेला गुलाब पाहून ग्राहक तक्रार घेऊन गुलटेकडीच्या किंवा दादरच्या फूल बाजारात परत येत नाही. तो पुढच्या वेळी फुलेच घेत नाही, किंवा प्लॅस्टिकची घेतो. त्याचा फटका शेवटी शेतकऱ्याच्या मागणीला बसतो.

फुलदाणीतील आयुष्य ग्राहकाच्या हाती आहे तितकेच, किंबहुना त्याहून जास्त, शेतकऱ्याच्या हाती आहे. काढणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत झालेले नुकसान पुढे कोणतेही औषध किंवा पावडर पूर्णपणे भरून काढू शकत नाही. म्हणून या लेखात आधी फूल का सुकते ते समजून घेऊ, मग शेतावर काय करावे आणि शेवटी ग्राहकाला काय सांगावे ते पाहू.

तोडलेले फूल का सुकते?

तोडल्यानंतरही फूल जिवंत असते. ते श्वसन करते, पाणी बाहेर टाकते आणि उमलत राहते. मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारे अन्न मात्र थांबलेले असते. अशा फुलाचे आयुष्य चार गोष्टींमुळे कमी होते.

१) पाण्याचा मार्ग बंद होणे: दांड्यातील जलवाहिन्या म्हणजे अतिशय बारीक नळ्या. दांडा कापताच कापलेल्या टोकातून या नळ्यांत हवा शिरते आणि तिचे बुडबुडे पाण्याचा मार्ग अडवतात. त्यानंतर पाण्यात वाढणारे जिवाणू आणि त्यांचा चिकट थर टोकाशी साचतो. फुलदाणीत पाणी भरलेले असूनही फूल सुकते ते बहुतेक वेळा यामुळेच.

२) अन्न संपणे: पाकळ्या उमलण्यासाठी आणि रंग टिकण्यासाठी साखर लागते. काढणीच्या वेळी दांड्यात आणि पानांत साठलेल्या साखरेवरच फुलाला भागवावे लागते. निशिगंध व ग्लॅडिओलसच्या दांड्यावर वरच्या कळ्या न उमलता वाळतात, त्यामागे हे एक मोठे कारण असते.

३) उष्णता: तापमान १० अंशांनी वाढले की फुलाच्या श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत काही तास गेले, की फुलाने साठवलेले अन्न वेगाने खर्ची पडते.

४) इथिलीन वायू: पिकणारी फळे, कुजणारी फुले व पाने, वाहनांचा धूर आणि कोणत्याही जळणाचा धूर यांतून हा वायू निघतो. त्यामुळे कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल मिटल्यासारखे दिसते. काही फुलांच्या पाकळ्या किंवा कळ्या गळून पडतात.

पुढे दिलेला प्रत्येक उपाय या चारपैकी एखाद्या कारणावर काम करतो. एखादा नवा उपाय कानावर आला, तर तो यांपैकी कशावर काम करतो हे आधी तपासावे.

काढणीपूर्वीची काळजी

- कळी येण्याच्या काळात नत्राचा अतिरेक टाळावा. जास्त नत्रामुळे दांडे लांब पण कोवळे होतात आणि फूल लवकर मान टाकते. पालाश व कॅल्शिअमचा पुरवठा माती व पाणी परीक्षणानुसार ठेवावा.
- काढणीच्या आदल्या दिवशी पिकाला पाण्याचा ताण बसू देऊ नये.
- पावसाळ्यात हरितगृहातील आर्द्रता सतत ८५ टक्क्यांच्या वर राहिली, तर गुलाबाच्या पानांवरील पर्णरंध्रे नीट मिटायला शिकत नाहीत. असा गुलाब काढणीनंतर कोरड्या हवेत झपाट्याने पाणी गमावतो. त्यामुळे पावसाळ्यात बाजूचे पडदे वेळेवर उघडून हवा खेळती ठेवावी. यामुळे करड्या बुरशीचाही त्रास कमी होतो.

काढणीची वेळ

काढणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी ऊन उतरल्यावर करावी. सकाळी दांड्यात पाणी भरपूर असते, तर सायंकाळी दिवसभरात तयार झालेली साखर जास्त असते. दोन्ही वेळा चालतात. दुपारी मात्र काढणी करू नये. सकाळी पाकळ्यांवर दव असेल तर ते सुकू द्यावे. ओल्या पाकळ्यांची जुडी बांधली की बॉक्समध्ये करडी बुरशी वाढते.

सिकेटर धारदार आणि स्वच्छ असावे. बोथट सिकेटरने दांड्याचे टोक चेचले जाते, नळ्या दबतात आणि चेचलेल्या भागात जिवाणू लवकर वाढतात. दर वाफ्यानंतर सिकेटर जंतुनाशक द्रावणात बुडवून घेतल्यास रोगाचा प्रसारही रोखता येतो.

पिकानुसार काढणीची अवस्था

*गुलाब:* लांबच्या बाजारासाठी कळी घट्ट, पूर्ण रंग आलेली आणि हिरवी बाह्यदले खाली वळलेली असावी. जवळच्या बाजारासाठी बाहेरची एक-दोन पाकळी सुटू लागली की काढावी. फार लवकर काढलेली कळी उमलत नाही. तिच्या मानेचा भाग कोवळा असल्याने ती खाली झुकते. हीच 'मान टाकणे' ही विकृती. फार उशिरा काढलेले फूल वाहतुकीत खराब होते.

*जरबेरा:* मधल्या चकतीतील बारीक फुलांच्या बाहेरील दोन ते तीन ओळी उमलल्यावर काढणी करावी. दांडा कापू नये, तळाशी धरून किंचित पीळ देत ओढून काढावा. कापल्यास राहिलेला खुंट कुजून झाडाला बुरशी लागू शकते. ओढून काढलेल्या दांड्याच्या तळाशी कठीण टाच असते. या टाचेतून पाणी वर चढत नाही. म्हणून पाण्यात ठेवण्यापूर्वी तळाचा २ ते ४ सें.मी. भाग कापून टाकावा. हे काम राहून गेले, तर जरबेरा बादलीत उभा असूनही तहानलेला राहतो.

*निशिगंध (गुलछडी):* दांड्यावरील सर्वांत खालच्या फुलांची एक ते दोन जोडी उमलली की दांडा काढावा. हार-वेणीसाठी सुटी फुले लागत असल्यास पूर्ण वाढलेल्या पण न उमललेल्या कळ्या पहाटे तोडाव्यात.

*ग्लॅडिओलस:* लांबच्या बाजारासाठी तळाच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसू लागताच, तर स्थानिक बाजारासाठी पहिले फूल उमलताना दांडा कापावा. झाडावर किमान तीन-चार पाने ठेवावीत, नाहीतर कंद पोसत नाही. हे दांडे नेहमी उभे ठेवावेत. आडवे ठेवल्यास शेंडा वरच्या दिशेने वळतो आणि दांडा वाकडा होऊन प्रत घसरते.

*कार्नेशन:* एका दांड्यावर एक फूल असलेल्या प्रकारात पाकळ्या रंगाच्या ब्रशसारख्या सरळ वर आल्यावर काढणी करावी. अनेक फुलांच्या प्रकारात दोन फुले उमललेली असावीत.

*शेवंती:* लांब दांड्याच्या शेवंतीत दांडा जमिनीपासून किमान १० सें.मी. वर कापावा. खालच्या लाकडी भागातून पाणी कमी चढते. शेवंतीचे फूल सुकण्याआधी पाने पिवळी पडतात, म्हणून पानांची निगा महत्त्वाची आहे.

पहिले दोन तास: बादली हेच मुख्य साधन

१) काढणीला निघतानाच स्वच्छ बादल्यांत पाणी भरून सोबत न्यावे. दांडे हातात गोळा करून बांधावर ठेवण्याची आणि नंतर एकदम पाण्यात ठेवण्याची पद्धत बंद करावी. दांडा जितका वेळ कोरडा राहतो, तितकी जास्त हवा त्यात शिरते.

२) बादल्या प्लॅस्टिकच्या असाव्यात. लोखंडी बादलीतील धातूची पाण्यातील औषधांबरोबर क्रिया होते. दररोज साबणाने घासून, क्लोरीनच्या पाण्याने विसळून त्या उलट्या वाळवाव्यात. ज्या बादलीतले पाणी प्यावेसे वाटणार नाही, ती फुलांसाठीही अस्वच्छ समजावी.

३) पाण्यात क्लोरीन मिसळावे. सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले ब्लीच १ लिटर पाण्याला १ मि.लि. घेतले की साधारण ५० पीपीएम क्लोरीन मिळते. १० लिटरच्या बादलीला १० मि.लि. पुरते. बाटलीवरील टक्केवारी पाहून हे प्रमाण बदलावे. १० टक्क्यांचे ब्लीच असल्यास निम्मे घ्यावे. उन्हात आणि काडीकचऱ्यात क्लोरीन लवकर संपते, म्हणून द्रावण रोज नवीन करावे.

४) बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड व विम्लधर्मी असते. असे पाणी दांड्यात हळू चढते. सायट्रिक आम्ल मिसळून पाण्याचा सामू ३.५ ते ४ पर्यंत आणल्यास ते लवकर चढते आणि जिवाणूही कमी वाढतात. प्रत्येक विहिरीच्या पाण्याला लागणारे आम्ल वेगळे असते. त्यामुळे १० लिटर पाण्यात २ ग्रॅमपासून सुरुवात करून सामू कागदाने तपासत प्रमाण ठरवावे. आम्ल आणि क्लोरीनची पावडर किंवा दाट ब्लीच एकमेकांत थेट कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. शेतावर आम्लाची बादली आणि क्लोरीनची बादली वेगळी ठेवणे सर्वांत सुरक्षित. जरबेरासाठी क्लोरीन आणि गुलाबासाठी सायट्रिक आम्ल अशी विभागणी करता येते.

५) जरबेरा व ग्लॅडिओलसला पाण्यातील फ्लोराइड सोसत नाही. पाकळ्यांच्या कडा करपतात. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. तेथे या दोन पिकांच्या काढणीनंतर साठवलेले पावसाचे किंवा आरओ पाणी वापरावे.

६) पाण्यात बुडणारी पाने आणि काटे काढून टाकावेत. काटे काढताना दांड्याची साल निघणार नाही याची काळजी घ्यावी. जरबेराचा दांडा केसाळ व पोकळ असल्याने जास्त खोल पाण्यात कुजतो. त्याला ५ ते ८ सें.मी. पाणी पुरे होते.

७) बादल्या लगेच सावलीत, शक्य असल्यास शीतगृहात हलवाव्यात. गुलाब, जरबेरा, कार्नेशन व शेवंतीसाठी २ ते ४ अंश सेल्सिअस तापमान चालते. अँथुरियम, हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅराडाइज आणि बहुतेक उष्ण कटिबंधीय ऑर्किड मात्र १२-१३ अंशांच्या खाली ठेवू नयेत. थंडीने त्यांच्यावर काळे डाग पडतात. शीतगृह नसेल तर जाड भिंतीची अंधारी खोली, ओले पोते आणि खेळती हवा यांनीही तापमान बरेच खाली येते.

८) फुलांच्या शीतगृहात आंबा, केळी, सफरचंद ठेवू नये. कुजलेली पाने व फुले रोज बाहेर काढावीत. वाहन सुरू ठेवून बंदिस्त जागेत माल भरू नये.

किमान तीन-चार तास पाणी पिऊन टवटवीत झाल्यावरच प्रतवारी करून जुड्या बांधाव्यात. गुलाबाची २० आणि जरबेराची १० फुलांची जुडी नेहमीच्या व्यवहारात आहे. एका जुडीत एकाच अवस्थेची फुले असावीत. एक जास्त उमललेले फूल आधी सुकते आणि पूर्ण जुडीच जुनी असल्याची ग्राहकाची समजूत होते.

ग्राहकाच्या घरी: सात सोप्या गोष्टी

तुम्ही थेट विक्री करत असाल, गृहसंकुलात फुले पोहोचवत असाल किंवा गावातील फूल विक्रेत्याला माल देत असाल, तर पुढील माहिती ग्राहकापर्यंत पोहोचवणे तुमच्याच फायद्याचे आहे.

१) दांडा पुन्हा कापा: घरी आल्यावर तळाचा २-३ सें.मी. भाग धारदार सुरीने कापावा. वाटेत टोकात शिरलेली हवा आणि साचलेला थर यामुळे निघून जातो. गुलाबाचा दांडा पसरट भांड्यातील पाण्याखाली धरून कापल्यास आणखी चांगले. तिरका काप घेतला की दांडा भांड्याच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही. मात्र काप तिरका असण्यापेक्षा स्वच्छ असणे महत्त्वाचे.

२) फुलदाणी घासा: केवळ विसळून जिवाणूंचा थर निघत नाही. भांडी घासण्याच्या साबणाने आतून घासावी. अरुंद तोंडाची फुलदाणी असेल तर मूठभर कच्चे तांदूळ व साबणाचे पाणी टाकून हलवावे.

३) पाने काढा: पाण्याखाली एकही पान राहता कामा नये. वरची पाने गुलाबात काही प्रमाणात ठेवावीत, पण फार दाट पालवी पाणी वाया घालवते.

४) पाणी कोमट घ्या: कोमट पाणी दांड्यात लवकर चढते. बर्फाचे पाणी घालण्याची गरज नाही.

५) पाणी बदला: साधे पाणी असल्यास एक दिवसाआड पूर्ण बदलावे आणि प्रत्येक वेळी दांड्याचे टोक १ सें.मी. कापावे. वरून नुसती भर घालून चालत नाही. गढूळ किंवा वास येणारे पाणी त्याच वेळी बदलावे.

६) जागा निवडा: फुलदाणी पंख्याखाली, एसीच्या झोतात, खिडकीच्या उन्हात किंवा टीव्हीजवळ ठेवू नये. आपल्याकडे घरातील फुले सुकण्याचे एक मोठे कारण छताचा पंखा आहे. दांडा जितके पाणी चढवतो त्याहून जास्त पाणी वारा उडवून नेतो. फळांची टोपली आणि उदबत्तीचा धूर यांपासूनही फुले दूर असावीत. रात्री फुलदाणी मोरीजवळ किंवा घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवल्यास एखादा दिवस वाढतो.

७) सुकलेली फुले खुडा: निशिगंध व ग्लॅडिओलसच्या दांड्यावरची खालची सुकलेली फुले रोज काढावीत. त्यामुळे पाणी कुजत नाही. लिलीमधील परागकोश फूल उमलताच काढावेत, म्हणजे पाकळ्यांवर डाग पडत नाहीत.

घरी बनवता येणारे टिकवणीचे द्रावण

बाजारातील फुलांच्या पावडरीत तीन घटक असतात: अन्न म्हणून साखर, पाणी लवकर चढावे म्हणून आम्ल आणि जिवाणू रोखण्यासाठी जंतुनाशक. हेच तीन घटक घरात मिळतात.

१ लिटर पाण्यासाठी:
- साखर: २० ग्रॅम (साधारण ४ चहाचे चमचे)
- लिंबाचा गाळलेला रस: ३० मि.लि. (दोन मोठे चमचे)
- ब्लीच (सुमारे ५ टक्के): पाव चहाचा चमचा

आधी पूर्ण १ लिटर पाण्यात साखर व लिंबाचा रस विरघळवून घ्यावा. ब्लीच शेवटी टाकून लाकडी काडीने ढवळावे. लिंबाचा रस आणि ब्लीच पाण्याविना एकत्र करू नये. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे. शौचालय साफ करण्याचे आम्ल यासाठी अजिबात वापरू नये. द्रावणाला सुगंध असला तरी ते पिण्याचे नाही, मुलांच्या हाताला लागू देऊ नये. दर दोन-तीन दिवसांनी नवीन द्रावण करावे.

ब्लीच घरात नसेल, तर नुसती साखर घालू नये. जंतुनाशकाशिवाय साखर म्हणजे जिवाणूंचे खाद्य. असे पाणी एका दिवसात गढूळ होते आणि फूल साध्या पाण्यापेक्षाही लवकर सुकते. अशा वेळी स्वच्छ साधे पाणी रोज बदलणे हाच चांगला पर्याय आहे. जरबेरासाठीही साखरेपेक्षा क्लोरीनचे स्वच्छ पाणी जास्त उपयोगी पडते. उलट निशिगंध व ग्लॅडिओलसला साखरेचा फायदा ठळक दिसतो, कारण त्यांना दांड्यावरच्या अनेक कळ्या उमलवायच्या असतात.

काही प्रचलित समजुती

- *तांब्याचे नाणे टाकावे:* धातूच्या नाण्यातून पाण्यात पुरेसे तांबे विरघळत नाही. शिवाय आजची चलनातील नाणी तांब्याची नाहीत.
- *अॅस्पिरिनची गोळी टाकावी:* पाणी किंचित आम्लधर्मी होते, पण अन्न मिळत नाही. लिंबाचा रस त्याहून स्वस्त आणि खात्रीचा.
- *दांड्याचे टोक ठेचावे:* ठेचल्याने नळ्या चिरडतात आणि जिवाणूंना जागा मिळते. ठेचू नये, कापावे.
- *पाकळ्यांवर सतत पाणी शिंपडावे:* पाकळ्यांवर पाणी साचले की बुरशीचे डाग पडतात. पाणी दांड्यातून मिळाले पाहिजे.
- *मीठ टाकावे:* मिठाने दांड्याची पाणी घेण्याची क्षमता कमी होते. टाकू नये.

लक्षणावरून कारण ओळखा

- पाणी भरलेले, तरी गुलाबाची मान झुकली: दांड्यात हवा किंवा जिवाणू. दांडा पाण्याखाली कापावा, फूल सरळ राहील अशा रीतीने वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि एक-दोन तास कोमट पाण्यात उभे ठेवावे. लवकर लक्षात आल्यास मान पुन्हा सरळ होते.
- जरबेराचा दांडा फुलाखाली मोडला: टाच कापली नव्हती, फूल कोवळे काढले होते किंवा पाणी अस्वच्छ होते.
- कळ्या न उमलता वाळल्या: काढणी फार लवकर झाली किंवा अन्न कमी पडले.
- कार्नेशन मिटले, कळ्या गळल्या: इथिलीन. साठवणुकीची जागा आणि शेजारची फळे तपासावीत.
- पाकळ्यांवर करडे किंवा तपकिरी ठिपके: ओली पॅकिंग, करडी बुरशी.
- पाकळ्यांच्या कडा करपल्या: पाण्यातील क्षार किंवा फ्लोराइड, किंवा ब्लीचचे प्रमाण जास्त.

स्वतःच्या फुलांची चाचणी घ्या

आपली फुले ग्राहकाकडे किती दिवस टिकतात, हे बहुतेक शेतकऱ्यांनी कधी मोजलेले नसते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच दिवशी, एकाच वाफ्यातून काढलेली १५ फुले घ्यावीत. सारख्या आकाराच्या तीन स्वच्छ काचेच्या बरण्यांत प्रत्येकी पाच ठेवावीत. पहिल्या बरणीत साधे पाणी, दुसरीत फक्त साखरेचे पाणी आणि तिसरीत वर दिलेले पूर्ण द्रावण घालावे. बरण्या घरात एकाच जागी, पंख्यापासून दूर ठेवाव्यात. प्रत्येक फूल कोणत्या दिवशी विक्रीला अयोग्य झाले, याची नोंद करावी. पाचही फुलांच्या दिवसांची बेरीज करून ५ ने भागले की त्या बरणीचे सरासरी आयुष्य मिळते.

मग हीच चाचणी दुसऱ्या प्रकारे करावी. काढताच बादलीत ठेवलेली पाच फुले आणि एक तास कोरडी ठेवून मग पाण्यात ठेवलेली पाच फुले. दोन्हींसाठी एकच पाणी वापरावे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या काढणीच्या पद्धतीची किंमत. कृषी सहायक व कृषी विज्ञान केंद्रांतील कार्यकर्त्यांना शेतकरी गटाच्या बैठकीत ही चाचणी सहज दाखवता येईल. बरण्या गटातील एका घरी ठेवाव्यात आणि आठवडाभर सर्वांनी नोंद पाहावी. डोळ्यांसमोर दिसलेला फरक व्याख्यानापेक्षा लवकर पटतो.

जुडीसोबत द्यायची चिठ्ठी

पुढील मजकूर छोट्या कागदावर छापून प्रत्येक जुडीच्या आवरणात ठेवता येतो. काढणीची तारीख हाताने लिहावी.

"ही फुले दि. ____ रोजी काढली आहेत. घरी नेताच दांड्याचे टोक दोन बोटे कापा. पाण्याखाली येणारी पाने काढा. घासलेल्या फुलदाणीत कोमट पाणी भरा. फुले पंखा, ऊन आणि फळांपासून दूर ठेवा. एक दिवसाआड पाणी बदला आणि टोक पुन्हा थोडे कापा. नुसती साखर घालू नका. फुले किती दिवस टिकली, ते आम्हाला जरूर कळवा."

शेवटच्या वाक्याचा उपयोग सर्वांत जास्त आहे. ग्राहकांनी कळवलेले दिवस वहीत वाण, काढणीची तारीख आणि बादलीतील द्रावणासमोर लिहून ठेवावेत. एका हंगामात तुमच्या शेतातील कोणते वाण जास्त टिकते, कोणत्या महिन्यात तक्रारी वाढतात आणि कोठे सुधारणा हवी, हे त्या वहीतून स्पष्ट होते. काढणीची तारीख लिहायची म्हटल्यावर शिळा माल ताज्या मालात मिसळण्याची सवयही आपोआप सुटते. तारखेसह फुले देणाऱ्या शेतकऱ्याकडे ग्राहक परत येतो. प्लॅस्टिकच्या फुलांशी स्पर्धा करताना खऱ्या फुलांना हाच विश्वास उपयोगी पडतो.